कोण, काय, कधीपर्यंत

माझी वहिनी लिफ्टच्या कंपनीत अकरा वर्षं नोकरीला होती आणि अकरा वर्षं रोज सहा मजले जिना चढून गेली. लिफ्ट बंद असायची म्हणून नव्हे. लिफ्ट चांगली धडधाकट होती, आमच्याच कंपनीची, आमच्याच प्रोग्रामवर चालणारी, आत शिरलं की गोड आवाजात स्वागत करणारी. वहिनी तिच्या दारावरून पर्स सांभाळत पुढे जायची आणि जिन्याला लागायची. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "हा प्रोग्राम ज्या मीटिंगांमध्ये ठरला, त्यांचे मिनिट्स मी लिहिलेत."

संशय घेणं तिच्या अंगातच आहे. दूध तापवायच्या आधी हुंगते, तापवल्यावर पुन्हा हुंगते. कुलूप लावून तीनदा ओढते आणि चौथ्यांदा मला ओढायला लावते. दादाच्या आधी तिला एक स्थळ आलं होतं. मुलाने सांगितलं, "मी सोल्यूशन्समध्ये आहे." वहिनीने विचारलं, "म्हणजे सकाळी गेल्यावर नेमकं काय करता?" त्याने बराच वेळ सांगितलं आणि वहिनी चहाचा कप तसाच ठेवून उठली. मग आमचा दादा गेला. त्यालाही तिने तेच विचारलं. दादा म्हणाला, "पाण्याचे मीटर उघडतो, साफ करतो, परत बसवतो." वहिनीने तिथल्या तिथे होकार दिला. मीटरने माझं लग्न जमवलं असं दादा अजून सांगत फिरतो.

मी तिची धाकटी नणंद. त्यांच्याकडेच राहते. ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते, अर्ध्या चेष्टेत. रागावली की तेच शब्द पूर्ण गंभीरपणे म्हणते, आणि मग मी निमूटपणे स्वयंपाकघर आवरायला घेते.

मलाही तिनेच त्या कंपनीत चिकटवलं होतं, घंटी-टेबलावर. लिफ्टमध्ये माणूस अडकला की तो लाल घंटीचं बटण दाबतो. ती घंटी आमच्या टेबलावर वाजते, समोरच्या पडद्यावर इमारतीचं नाव आणि लिफ्टचा नंबर दिसतो, आणि आम्ही बोलायला लागतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "मी ऐकतेय, घाबरू नका, तुम्ही एकटे आहात का?" शेवटचंही ठरलेलं: "तुम्ही बाहेर येईपर्यंत मी फोन ठेवत नाही." मधलं सगळं आपल्या अकलेवर. एकदा एक निवृत्त मास्तर पन्नास मिनिटं अडकले होते. त्यांचा श्वास लागला होता. मी म्हटलं, मास्तर, माझे पाढे कच्चे आहेत, एकोणतीसचा घ्या ना. त्यांनी घेतला. मी मुद्दाम चुकले तेव्हा ते इतके चिडले की श्वास आपोआप जागेवर आला. मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा आम्ही सदतीसवर होतो.

टेबलाची नोंदवही वहिनीने आखून दिली होती. तीन रकाने: कोण, काय, कधीपर्यंत. कोण अडकलं, काय झालं, कधीपर्यंत अडकलं. तिचे मिनिट्सही याच तीन रकान्यांचे. तिचे वडील कोर्टात जबान्या लिहून घ्यायचे. साक्षीदार "भांडं फुटलं" म्हणाला की ते लेखणी थांबवून विचारायचे, "फुटलं नाही, कोणी फोडलं?" वहिनीने तेच उचललं. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं "हे बघायला हवं", की ती मान वर करून विचारायची, "कोण बघणार? कधीपर्यंत?" लोक वैतागायचे, पण कामं व्हायची.

मग नवे साहेब आले. माणूस दिसायला प्रसन्न, वागायला मवाळ, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "पुढे जाताना" अशी. "पुढे जाताना आपण अलाइन होऊ या." "पुढे जाताना आपली सिनर्जी अनलॉक करू या." वहिनीने दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव पुढेजाताना ठेवलं. त्यांच्या पहिल्या मीटिंगचे मिनिट्स मी पाहिलेत. अख्ख्या पानावर एकच ओळ होती: "मीटिंग सव्वा तास चालली. कोणी काही करायचं ठरलं नाही." साहेबांनी तो कागद परत पाठवला. वहिनीने खाली "चहा झाला" एवढी भर घालून पुन्हा दिला.

तोवर सगळी गंमतच होती. पहिल्यांदा चरका बसला तो नकाशा विभागाच्या वेळी. लिफ्टचे नकाशे काढणारे तिघं जण पाचव्या मजल्यावर बसायचे. एका सोमवारी त्यांना मेल आला की पुढे जाताना येत्या शुक्रवारी आपल्या विभागाचं सनसेट करण्याचं ठरलं आहे, आजवरच्या सुंदर प्रवासाबद्दल आभार. तिघं खूश. साहेब सूर्यास्त बघायला नेणार! एकाने भावाकडून कॅमेरा आणला. दुसऱ्याने गाडी किती वाजता सुटणार म्हणून चौकशी केली, आणि ज्याच्याकडे केली त्यालाही माहीत नव्हतं, म्हणून त्याने दोन वाजता असं ठोकून दिलं. वहिनी एकटीच म्हणत होती, "सहल असती तर डबे आणा म्हणून लिहिलं असतं. यात डब्याचा उल्लेख नाही." शुक्रवारी दोन वाजता तिघं टोप्या घालून खाली उभे राहिले. सव्वादोनला मनुष्यबळ विभागाची बाई तीन पाकिटं घेऊन खाली आली आणि त्यांची ओळखपत्रं मागून घेऊन गेली.

मी ते खिडकीतून पाहिलं. एकाने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. मला फार लाज वाटली, कारण सकाळी मीच त्यांना मजा करा म्हणाले होते.

त्या दिवसापासून वहिनीने एक वही घातली. डाव्या बाजूला नवा शब्द, उजव्या बाजूला त्यानंतर आठ दिवसांत काय नाहीसं झालं ते. फ्लेक्सिबल सीटिंग: अकरा खुर्च्या. ओनरशिप कल्चर: कपबश्या धुणाऱ्या मावशी. लीन: जिन्यातले दिवे, एक सोडून एक. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" या वाक्यापुढे तिने लाल रेघ मारून ठेवली होती आणि उजवी बाजू मोकळी. ती वही ती मला रोज जेवताना वाचून दाखवायची. मी कंटाळायचे. एकदा मी फटकन म्हणाले, "वहिनी, तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. माणूस मोठ्या कंपनीतून आलाय, त्याची बोलायची पद्धत तशी आहे."

"बोलायच्या पद्धतीने खुर्च्या जात नाहीत, वन्सं," ती म्हणाली. या वेळी चेष्टा नव्हती.

दादा मध्ये पडला. त्याला जगातलं सगळं मीटरवरूनच कळतं. म्हणाला, "पाणी मुरतंय का ते ऐकून कळत नाही. सगळे नळ बंद करायचे आणि काटा बघायचा. फिरला तर मुरतंय." वहिनीने त्याच्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मी ताट उचलून आत गेले.

मग माझी पाळी आली. दोन तरुण घंटी-टेबलावर आले. हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर आदर. "आम्ही तुमच्याकडून शिकायला आलोय," म्हणाले. आठ वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी हुरळले. त्यांना चहा पाजला. काय बोलतो, कसं बोलतो, रडणाऱ्या बाईला काय सांगतो, दारू प्यायलेल्याला काय सांगतो, मास्तरांचे पाढे, सगळं सांगितलं. ते टाइप करत राहिले. जाताना एक म्हणाला, "तुम्ही फार महत्त्वाचा टचपॉइंट आहात." घरी येऊन मी हे वहिनीला फुशारकीने सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"सगळं सांगितलंत?"

"हो."

"टचपॉइंट म्हणाले?"

"हो. महत्त्वाचा."

कणकेचे हात तसेच ठेवून तिने मला वही आणायला सांगितली आणि कोपराने पान उलटून दाखवलं. टचपॉइंट हा शब्द तिथे आधीच होता. उजवीकडे लिहिलं होतं: स्वागतकक्षातली मुलगी. माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली आणि मग ती गप्प बसेना.

पुढच्या मंगळवारी मीटिंग ठरली. घंटी-टेबलाकडून मला बोलावलं होतं. सहाव्या मजल्यावरची काचेची खोली, मधोमध लांब टेबल, सहा जण. पुढेजाताना साहेब, कायदा बघणाऱ्या बाई, ते दोन तरुण, मेकॅनिकांचे फोरमन आणि मी. वहिनी कोपऱ्यात कागद घेऊन. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून फोरमनचा आवाज घोगरा झाला होता आणि ऐकू कमी यायचं, म्हणून ते साहेबांच्या अगदी शेजारी बसले होते.

साहेबांनी पडद्यावर चित्र लावलं. ढगातून एक हसरी बाई वर चालली होती. "पुढे जाताना," साहेब म्हणाले, "ग्राहकाच्या प्रवासातलं घर्षण आपल्याला कमी करायचं आहे."

फोरमन खूश झाले. "मी तेच सांगतोय दोन वर्षं. रुळांना ग्रीसच देत नाहीत हो हे."

"ते घर्षण नाही," साहेब मवाळपणे म्हणाले. "अनुभवातलं घर्षण. आज घंटी-टेबल हा लेगसी टचपॉइंट आहे. त्याला रीइमॅजिन करून आपण सेल्फ-सर्व्ह इकोसिस्टममध्ये नेऊ. ग्राहकाला एम्पॉवर करू. तो आपला प्रवास स्वतः ओन करेल."

"कुठला प्रवास?" फोरमन म्हणाले. "तो तर चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकलाय."

दोन्ही तरुण हसले. साहेबही हसले. मग वीस मिनिटं बोलले; त्यात मोबाइलवरचा फॉर्म आणि पुढच्या महिन्याची एक तारीखही ओझरती येऊन गेली. पडद्यावर वर्तुळं आली, वर्तुळांतून बाण निघाले, बाण पुन्हा वर्तुळांत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "तर आपण सगळे अलाइन्ड आहोत?" एकेक मान हलली. कायद्याच्या बाईंची हलली. फोरमनची हलली, कारण शेजारच्याची हलली. आणि आता सांगायला शरम वाटते, पण माझीही हलली. सगळे हो म्हणत असताना मी एकटीने, मला काही कळलं नाही, असं म्हणायचं धैर्य मला झालं नाही. चार माणसांत अडाणी दिसू नये म्हणून मी माझ्याच टेबलावर पाणी सोडलं.

त्या कंपनीत एक जुना नियम होता. लिफ्टचा धंदा जिवाशी गाठीचा, म्हणून सुरक्षेचा काही निर्णय असला की मिनिट्स वाचून दाखवायचे आणि हजर असलेल्या प्रत्येकाने खाली सही करायची. सरकारी निरीक्षक आला की आधी तोच कागद मागतो. नवे साहेब आल्यापासून सह्या मोबाइलवर बोट टेकवून व्हायच्या, कोणी वाचायचं नाही. त्या दिवशी वहिनीने कागद आणला होता.

ती उभी राहिली. "विषय, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाची घंटी," तिने वाचायला सुरुवात केली. वडिलांची कोर्टातली वाचण्याची ढब असावी ती, सपाट आणि सावकाश. "काय ठरलं: पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून माणूस अडकला आणि त्याने घंटी दाबली, तर कंपनीतून कोणीही त्याच्याशी बोलणार नाही. त्याने स्वतःच्या मोबाइलवर फॉर्म भरायचा. मोबाइल नसेल, किंवा आत रेंज नसेल, तर काय करायचं यावर चर्चा झाली नाही. कोणी ठरवलं: खाली सही करणाऱ्या सहा जणांनी."

कागद तिने साहेबांपुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"हे मी असं म्हटलेलं नाही," साहेब म्हणाले.

"मग कसं म्हटलंत तेवढं सांगा. मी खोडून तसं लिहिते."

साहेब पाच मिनिटं बोलले. वहिनीने पेन उचललं नाही. त्यांचं संपल्यावर तिने विचारलं, "यात घंटी कोण उचलणार?"

"सिस्टम रिस्पॉन्ड करेल."

"बरं. सिस्टमच्या वतीने सही कोण करणार?"

मला दादाची आठवण झाली. बोलण्याचे सगळे नळ बंद होते. आता काटा कुठे फिरतोय ते सगळ्यांनाच दिसत होतं. फोरमननी कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरून सबंध वाचला आणि परत टेबलावर ठेवला. "मी नाही करणार सही," ते म्हणाले. "खड्ड्यात मी उतरतो. वरून ओरडणारा माणूस मला ऐकू येत नाही, या बाई मला फोनवर सांगतात तो कुठे आहे ते." कायद्याच्या बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पेनापासून हात लांब घेतला.

"हा विषय आपण पार्क करू या," साहेब म्हणाले.

"पार्क म्हणजे? टेबल चालू की बंद?"

"आत्ता तरी..."

"चालू की बंद?"

"चालू," साहेब म्हणाले. एवढा छोटा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

वहिनीने नवा कागद घेतला. "काय: घंटी-टेबल चालू राहील, माणूस फोन उचलेल. कोण: तुमचं नाव लिहिते. कधीपर्यंत?"

"पुढचा आढावा होईपर्यंत."

"आढाव्याला तारीख नाही. याच सहा जणांनी असाच कागद वाचून, सही करून बदलेपर्यंत, असं लिहू?"

कोणी नको म्हणालं नाही. सह्या झाल्या. माझी सही वेडीवाकडी आली. बाहेर आल्यावर मी वहिनीचा हात धरला आणि म्हटलं, "मी मान हलवली गं." ती म्हणाली, "पाहिलं मी. मिनिट्समध्ये लिहिलं नाही." मग चार पायऱ्या उतरून म्हणाली, "शब्द बदलून परत येतील, वन्सं. तो कागद घरी नेऊन ठेवा."

वहिनीला पत्र आलं ते मीटिंगनंतर बरोबर आठव्या दिवशी. साहेबांनी आदल्या दिवशी सगळ्यांना जमवून, आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं सांगितलं होतं, तेव्हाच ती घरी येऊन खण आवरल्यासारखी शांत झाली होती. पत्रात लिहिलं होतं की आपल्या भूमिकेची पुनर्कल्पना करण्यात येत असून, आपल्या क्षमतांना कंपनीबाहेरच्या संधींशी जोडण्याच्या या रोमांचक टप्प्यात आम्ही आपल्या पाठीशी आहोत. दादाने दोनदा वाचलं. "बढती दिसतेय," तो म्हणाला.

"काढलंय," वहिनी म्हणाली. "मिनिट्स आता सिस्टम लिहिणार." तिने वही काढली आणि लाल रेघेपुढची उजवी बाजू भरली. एकच अक्षर लिहिलं: मी. दादा तिच्याजवळ जाऊन बसला. मी रडले. ती रडली नाही, तिला पत्रावरच्या तारखेचा संशय येत होता आणि ती लिफाफ्यावरच्या शिक्क्याशी ताडून बघत होती.

शेवटच्या दिवशी दुपारी साडेचारला तिने टेबल रिकामं केलं. एक पिशवी, एक पट्टी, दोन पेनं. माझ्याकडे येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. निरोप वगैरे तिला जमत नाही. मी घंटी-टेबलावर होते आणि मुद्दाम जिन्याकडे बघत नव्हते.

घंटी वाजली. पडद्यावर इमारतीचं नाव आलं, आणि ते मी दोनदा वाचलं, कारण ती आमचीच इमारत होती. लिफ्ट नंबर एक.

"मी ऐकतेय," मी म्हटलं. "घाबरू नका. तुम्ही एकटे आहात का?"

पलीकडून ओळखीचा, सपाट आवाज आला. "हो. एकटीच आहे."

"वहिनी?"

"कोणी उचलतं का ते बघत होते, वन्सं." मागे लिफ्टचा गोड आवाज मजले मोजत होता. चार. तीन. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा त्या पेटीत चढली होती, आणि तिचा श्वास मास्तरांसारखाच लागला होता. "उचलता तुम्ही," ती म्हणाली. "लवकर उचलता."

मी ठरलेलं शेवटचं वाक्य म्हटलं. "तुम्ही बाहेर येईपर्यंत मी फोन ठेवत नाही."

"नका ठेवू."

दोन. एक. तळमजला. दार उघडल्याचा आवाज आला, चपलांचा आला, मग रस्त्यावरच्या गाड्यांचा. मी दार बंद होईपर्यंत फोन ठेवला नाही.

मग नोंदवही ओढली. कोण: वहिनी. काय: घंटी कोणी उचलतं का ते पाहिलं. उचलली. तिसऱ्या रकान्यावर, कधीपर्यंत, पेन थांबलं. टेबल कधीपर्यंत चालणार ती तारीख मला माहीत नव्हती, पण माझ्या सहीशिवाय ते बंद होणार नव्हतं. तिथे मी माझी सही केली, या वेळी सरळ.